पाळीपाळीने पाहिलेले दृश्य

प्रवासवर्णनाच्या तासाला आम्ही मागील वर्षी एम. ए.च्या विद्यार्थ्यांपुढे एक वही ठेवली. ती छापील नव्हती, तिला रूढ अर्थाने लेखक नव्हता आणि तिचा काळ अवघ्या सात दिवसांचा होता. आमच्यापैकी एकीची थोरली बहीण अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे राहते. तिच्या शेजारी एक निवृत्त जोडपे आहे. तो टपालखात्यात होता, ती शाळेत परिचारिका होती. दोघेही सत्तरीच्या आसपासचे. फेब्रुवारीतील एक आठवडा त्यांनी आपल्या आर. व्ही.मध्ये, म्हणजे आत स्वयंपाकाचा ओटा, बिछाना आणि संडास असलेल्या मोटारघरात, दोन कुत्र्यांसह काढला आणि रोजची नोंद एका वहीत केली. त्यांच्या अनुमतीने बहिणीने पानांची छायाचित्रे आम्हांला पाठवली. आम्ही त्यांचे मराठी केले व नावे गाळली. कुत्र्यांनाही ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ एवढेच म्हटले. थोरला तेरा वर्षांचा, मागच्या पायांनी अधू. धाकटा दोन वर्षांचा आणि सर्वार्थाने उपद्व्यापी.

वर्गाचे मत एकमुखी होते: यात काही घडतच नाही. एका विद्यार्थ्याने तिला ‘हिशेबाची वही’ म्हटले. दुसरीने विचारले, यात वर्णन कुठे आहे? प्रश्न रास्त होते. तरीही आमचे मत असे आहे, आणि या लेखात ते मांडायचे आहे, की ही वही प्रवासवर्णनच आहे. आणि ज्या पुस्तकांत ‘मुक्त भटकंती’चे गोडवे गायलेले असतात, त्यांतील पुष्कळांपेक्षा ती अधिक खरी आहे. ती खरी आहे याचे कारण त्या दोघांची प्रतिभा नव्हे. कारण ती दोन कुत्री आहेत.

प्रथम वहीत काय आहे ते पाहू. पहिल्या दिवशी टूसॉनहून निघून, फीनिक्स ओलांडून, पश्चिमेकडील क्वार्ट्झसाइट या गावापाशी पोहोचल्याची नोंद आहे. हे एरवी काही हजार वस्तीचे वाळवंटी गाव. पण उत्तरेकडे बर्फ पडू लागले, की आसपासच्या सरकारी माळावर मोटारघरांची वसाहत उभी राहते. अशा सरकारी जमिनीवर सामान्यतः चौदा दिवस फुकट मुक्काम करता येतो. तिथे वीज नसते, नळ नसतो, गटार नसते. पाणी किती, हा म्हणून पहिला प्रश्न. त्यांच्या गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी चाळीस गॅलनांची, म्हणजे सुमारे दीडशे लिटरांची. सांडपाण्याची टाकी वेगळी, मैल्याची त्याहून वेगळी, आणि या दोन्ही ठराविक जागी नेऊनच रिकाम्या कराव्या लागतात. त्यामुळे वहीच्या प्रत्येक पानावर, वारा-उन्हाच्याही आधी, तीन टाक्यांची पातळी लिहिलेली आहे. अंडी उकडलेल्या पाण्यात भांडी विसळल्याची नोंद आहे. आणि रोज एक वेगळी ओळ कुत्र्यांच्या पाण्याची: दोघांनी किती प्यायले, थोरल्याने नेहमीपेक्षा कमी तर प्यायले नाही ना.

दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या पंजात चोयाचे काटे रुतले. चोया हे तिथले निवडुंग. त्याची बोंडे नुसत्या स्पर्शाने सुटून अंगाला चिकटतात, आणि हाताने काढू गेल्यास हातातच घुसतात. ते कंगव्याने उचटून काढायचे असतात. तेवढ्यासाठी एक कंगवा दाराशी टांगलेला होता. तिसऱ्या दिवशी धाकटा माती उकरत होता आणि ती त्याला दर वेळी ओढून आणत होती. हे वाचताना विद्यार्थी हसले. पण त्या मातीत ‘व्हॅली फीव्हर’ या रोगाची बुरशी असते, जमीन हुंगत उकरणाऱ्या कुत्र्यांना ती श्वासावाटे लागते, आणि निवृत्त परिचारिकेला हे ठाऊक असते. वाळवंटाचे वर्णन कुठे आहे, असे जिने विचारले होते तिला आम्ही एवढेच म्हटले, की कंगवा आणि उकरलेली माती हेच ते वर्णन. ज्याला वाळवंटात केवळ पाहायचे असते, त्याला सूर्यास्त दिसतो. ज्याला तिथे कुणाला तरी सांभाळायचे असते, त्याला जमीन दिसते.

इथे एका प्रसिद्ध पुस्तकाची आठवण अपरिहार्य आहे. जॉन स्टाइनबेक हा कादंबरीकार १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका ट्रकवर छोटेसे घर बसवून अमेरिका पाहायला निघाला. त्या वाहनाला त्याने डॉन किहोतेच्या घोड्याचे, ‘रोसिनान्ते’ हे नाव दिले. सोबतीला घेतला चार्ली नावाचा वयस्क पूडल. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे त्या प्रवासाचे पुस्तक १९६२ साली आले; त्याच वर्षी त्याला नोबेल मिळाले. योगायोग असा, की मोटारघरांसाठी तळ भाड्याने देणारा ‘के. ओ. ए.’ हा आज सर्वपरिचित असलेला उद्योगही १९६२ सालीच माँटाना राज्यातील बिलिंग्ज येथे सुरू झाला. चाकांवरच्या घराला एकाच वर्षी साहित्य मिळाले आणि बाजारही मिळाला.

पुढे पन्नास वर्षांनी, २०१० साली, बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकाराने स्टाइनबेकच्या मार्गानेच प्रवास केला आणि हस्तलिखित, पत्रे व तारखा ताडून पाहिल्या. त्याचा निष्कर्ष असा, की एकाकी भटक्याचे पुस्तकातले चित्र बरेचसे रचलेले आहे: बरेच दिवस लेखकाची पत्नी सोबत होती, कित्येक मुक्काम हॉटेलांत झाले, आणि वाटेत भेटलेल्या माणसांचे काही संवाद घडले असण्याचा संभव कमी आहे. २०१२ साली निघालेल्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीच्या प्रस्तावनेतही, हे पुस्तक शब्दशः खरे मानू नये, असा इशारा जोडावा लागला.

या वादात आम्हांला पडायचे नाही. कादंबरीकाराने रचले यात नवल कसले? पण एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. हे पुस्तक आज पुन्हा वाचताना जी पाने अजिबात संशयास्पद वाटत नाहीत, ती चार्लीची आहेत. यलोस्टोनमध्ये अस्वलांना पाहून हा शांत कुत्रा असा काही बिथरला, की लेखकाला ते जगप्रसिद्ध उद्यान न पाहताच मागे फिरावे लागले. वाटेत त्याला लघवी अडण्याचा त्रास झाला. पहिला पशुवैद्य बेफिकीर निघाला. टेक्सासमध्ये एक चांगला भेटला, आणि चार्लीला त्याच्याकडे ठेवून लेखकाला मुक्काम वाढवावा लागला. अमेरिकेच्या आत्म्याविषयीचे चिंतन माणसाला टेबलाशी बसून रचता येते. कुत्र्याचे दुखणे मात्र वेळापत्रक मोडते, मार्ग बदलते, लेखकाला त्याच्या भूमिकेतून खाली खेचते. आणि जिथे तो खाली आला आहे, तिथे वाचकाचा त्याच्यावर विश्वास बसतो.

आमच्या वहीतही सर्वांत मोलाची गोष्ट अशाच एका अडचणीतून आली आहे.

चौथ्या दिवशी ही मंडळी कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात, दक्षिण दारालगतच्या कॉटनवुड तळावर उतरली. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांचे कुत्र्यांविषयीचे नियम सामान्यतः कडक आहेत. पट्टा सहा फुटांहून लांब नको. कुत्र्याला एकटे सोडून जायचे नाही. आणि जोशुआ ट्रीसारख्या उद्यानात रस्ता, तळ, सहलीची जागा यांपलीकडे, रानातल्या पायवाटांवर त्याला न्यायचे नाही. हे नियम तिथल्या प्राण्यांच्या हिताचे आहेत, त्याबद्दल वहीत तक्रार नाही. पण त्यांचा परिणाम असा, की त्या दोघांना कोणतीही पायवाट एकत्र चालता आली नाही. एकाने जायचे, दुसऱ्याने कुत्र्यांपाशी थांबायचे, मग अदलाबदल.

तळाजवळून मॅस्टोडॉन शिखराकडे सुमारे तीन मैलांची एक फेरी आहे. सकाळी ती गेली. दुपारी तो गेला. रात्री दोघांनी एकाच पानावर, निरनिराळ्या शाईत, आपापले शिखर लिहिले. तिच्या नोंदीत दूरवर सॉल्टन सी या खाऱ्या सरोवराची चकाकणारी रेघ आहे, आणि वाऱ्याचा थंडावा. त्याच्या नोंदीत सरोवर नाहीच. त्याने वाटेवरच्या जुन्या सोन्याच्या खाणीचे अवशेष पाहिले, तिथे बसून गुडघा चोळला, आणि किती पावलांनंतर पुन्हा बसावे लागले ते लिहिले. दुसऱ्या दिवशी चोयांच्या बागेत तो उगवतीला फिरून आला आणि ती मावळतीला. त्याने बाग पांढरी लिहिली आहे, तिने सोनेरी.

आता विचार करावा. हे दोघे एकत्र चालले असते, तर वहीत काय आले असते? बहुधा एक ओळ: शिखरावर गेलो, दृश्य छान होते. एकत्र पाहणाऱ्यांना एकमेकांना काही सांगावे लागत नाही. कुत्र्यांमुळे त्यांना पाळीपाळीने जावे लागले, म्हणून परत आल्यावर सांगावे लागले. आणि ज्याला सांगायचे तो स्वतः काही तासांनी तिथे जाणार असल्यामुळे, किंवा नुकताच जाऊन आलेला असल्यामुळे, थापा मारण्याची सोय नव्हती. कोणी तरी जातो, कोणी तरी मागे थांबतो आणि जाऊन आलेला थांबलेल्याला सांगतो: प्रवासवर्णनाचा उगम याहून वेगळा तो काय? आपल्या भाषेतील कितीतरी प्रवासवर्णनांत पत्नी सोबत असते, पण तिने काय पाहिले ते क्वचितच वेगळे उमटते. ती लेखकाच्या ‘आम्ही’त विरघळून जाते. हा लेख आम्ही दोघे मिळून लिहीत असल्यामुळे या ‘आम्ही’ची सोय आणि त्यातली लबाडी, दोन्ही आम्हांला चांगली परिचित आहे. त्या वहीत ‘आम्ही’ फार थोडे आहे. दोन ‘मी’ आहेत, शेजारीशेजारी, आणि त्यांची सरोवराविषयी एकवाक्यता नाही.

चर्चेच्या या टप्प्यावर एका विद्यार्थ्याने, अपेक्षेप्रमाणे, युधिष्ठिर आणला. म्हातारपण, सर्व मागे टाकून निघणे, आणि सोबत कुत्रा: महाप्रस्थानाचे स्मरण कोणाही मराठी वाचकाला होणारच. परंतु अशी साम्ये फार चटकन सापडतात तेव्हा जरा थांबावे, असे आम्हांला वाटते. त्या कथेतला कुत्रा शेवटी कुत्रा राहत नाही. तो धर्म निघतो, परीक्षेपुरता आलेला. आणि त्याच्यासाठी स्वर्ग नाकारणारा धर्मराज, द्रौपदी वाटेत कोसळली तेव्हा मागे वळून पाहत नाही. भीमाने विचारल्यावर तिच्या पतनाचे कारण मात्र सांगतो आणि चालत राहतो. आमच्या वहीतली कुत्री कशाचेही प्रतीक नाहीत. त्यांना काटे टोचतात, जुलाब होतात. आणि तिथे एकाने चालायचे असेल तर दुसरा थांबतो. वानप्रस्थाच्या कल्पनेत पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावे किंवा सोबत न्यावे असे दोन पर्याय स्मृतीने दिले आहेत. आपण थांबावे आणि तिला पुढे जाऊ द्यावे, हा तिसरा पर्याय तिथे सुचलेला दिसत नाही.

येथवर आमचे म्हणणे मांडले. आता त्यावरचा आक्षेपही नोंदवला पाहिजे, कारण तो आमच्याच वर्गातून आला आणि त्याला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही.

मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी, जिचे आजी-आजोबा मेंढ्या घेऊन दर दिवाळीनंतर घाटमाथा उतरत, ती शांतपणे म्हणाली: या दोघांचे टूसॉनमधले घर कुलूपबंद आहे ना? किल्ली त्यांच्या खिशात आहे. मग याला बिऱ्हाड पाठीवर घेणे कसे म्हणायचे?

हा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला आहे. जेसिका ब्रूडर यांचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ साली आले; त्यावरील चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. २००८ च्या आर्थिक कोसळीनंतर घरे, बचत, नोकऱ्या गमावलेली साठी-सत्तरीतली माणसे गाडीतच राहू लागली, हंगामानुसार बीटाच्या काढणीला, तळांच्या देखरेखीला, ऑनलाइन विक्रीच्या प्रचंड गोदामांत कामाला जाऊ लागली, याचे ते वृत्तांकन आहे. ही माणसेही हिवाळ्यात त्याच क्वार्ट्झसाइटच्या माळावर येतात. बाहेरून पाहता त्यांच्या आणि आमच्या जोडप्याच्या गाड्यांत नवी-जुनी एवढाच फरक. तशाच टाक्या, तसेच मोजलेले पाणी, पायरीशी तसाच कुत्रा. पण एक सात दिवसांनी घरी जाणार आहे आणि दुसऱ्याची गाडी हेच घर आहे. पहिल्याला इंजिन बिघडले तर सहल बिघडते; दुसऱ्याचे इंजिन बिघडले तर तो बेघर होतो.

मराठीत हा भेद आपल्याला नवा असू नये. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली प्रसिद्ध झाले तेव्हापासून गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड, हाकलून देणारी गावे आणि पोटासाठीची पायपीट आपल्या साहित्यात शब्दबद्ध आहे. तरीही ‘भटकंती’ हा शब्द आपण मौजेचा म्हणून वापरतो आणि ‘भटके’ हा शब्द जातींच्या यादीत टाकतो. एकाच धातूचे दोन शब्द, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध आपल्या मनाला शिवत नाही. मोटारघराच्या रम्य छायाचित्रांवर आमचा राग असा नाही. परंतु त्यांत जे स्वातंत्र्य म्हणून मिरवले जाते, ते पुष्कळदा परतीच्या किल्लीचे दुसरे नाव असते.

मग वहीचे काय? तिला आम्ही या आक्षेपातून सोडवू शकत नाही, आणि सोडवू इच्छितही नाही. एवढेच नोंदवू, की त्या वहीत स्वातंत्र्य हा शब्द एकदाही आलेला नाही. तिसऱ्या दिवशीची एक नोंद अशी आहे, की पलीकडच्या व्हॅनमध्ये एक वृद्ध स्त्री एकटी राहते. तिच्या कुत्रीला औषध हवे होते, ते आपल्यापाशी होते, दिले. बदल्यात तिने पाणी स्वस्त कुठे मिळते ते सांगितले. ती इथे कधीपासून आहे, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही. ही नोंद परिचारिकेच्या शाईत आहे. किल्ली खिशात असल्याची जाणीव तिला त्या क्षणी झाली असावी, असे आम्हांला वाटते. विद्यार्थिनीला ते पुरेसे वाटले नाही, आणि तिचे म्हणणे चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही.

सहाव्या दिवशीचे पान सर्वांत लहान आहे. आदल्या संध्याकाळपासून थोरल्याने अन्न सोडले होते. पहाटे त्याला गाडीची पायरी चढवेना, दोघांनी उचलून आत घेतले. रात्र तिने त्याच्याजवळ जमिनीवर काढली होती, उजाडल्यावर तो बसला. एक दिवस आधीच परतायचे ठरले. पाहायच्या राहिलेल्या जागांची यादी मागील पानावर तशीच आहे. तिच्यावर काट मारलेली नाही. टाक्यांची पातळी मात्र त्याही दिवशी लिहिली आहे. सातव्या दिवशी घरून नोंद: पशुवैद्याने मूत्रपिंडाचे दुखणे सांगितले, औषधे दिली, थोरला थोडे प्यायला. किती प्यायला, तो आकडा आहे.

बहिणीने पुढे कळवले, की थोरला त्या उन्हाळ्यात गेला. पुढच्या फेब्रुवारीत ते दोघे धाकट्याला घेऊन पुन्हा कॉटनवुडला गेले. कुत्रा एकच उरला तरी नियम तोच. पाळी चुकत नाही. या खेपेस शिखरावर ती एकटीच गेली. त्याचा गुडघा आता तीन मैल चालण्याजोगा राहिलेला नाही. तो पायथ्याशी धाकट्याला धरून बसला आणि परतल्यावर तिने त्याला सगळे सांगितले. त्या खेपेची वही आमच्याकडे आलेली नाही, आम्ही मागितलीही नाही.

यंदा पुन्हा प्रवासवर्णनाचा तास सुरू होईल. गोडसे भटजी असतील, ‘अपूर्वाई’ असेल, आणि त्यांच्या शेजारी ही वही असेल. ‘यात काही घडतच नाही’ असे पुन्हा कुणीतरी म्हणेलच. त्याला आम्ही सांगणार आहोत, की घरी जा, घरातल्या कुणाला तरी एका ठिकाणी पाठव, तू दाराशी थांब, आणि ते परत आल्यावर काय सांगतात ते लिहून आण.